पिवळ्या दिव्याचा बंदोबस्त

गाडी अगदी थांबायला आली की ब्रेकचं पेडल अण्णांच्या पायाखाली थरथरायचं. तेही कोरड्या रस्त्यावर. नोकरीत अण्णा कारखान्याचे सुरक्षा अधिकारी होते. धोक्याची घंटा वाजली की आधी घंटेचं तोंड बंद करायचं, ही त्यांची शिस्त. कोपऱ्यावरच्या वायरमनला सांगून त्यांनी एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून टाकला. थरथर गेली, पण समोर डॅशबोर्डवर धोक्याचा पिवळा दिवा लागला. मग दिवाही काढला. गाडी एकदम गुणी झाली.

आज लेक तीच गाडी घेऊन कामाच्या गावी निघाली होती. वाटेत घाट, आणि घाटात पाऊस. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, माझ्या गाडीलाही तुमचाच आजार झाला होता. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला. गॅरेजवाल्याने पुसून दिला, झाली बरी."

"एवढ्यासाठी गॅरेज? मी फ्यूजच उपटला."

मेहुणा गप्प झाला. बहिणीच्या लग्नापासून तो कधी गप्प बसला नव्हता, म्हणून अण्णा खुर्चीतून उठले.

"दाजी, आता ओल्यात जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होणार. मग स्टिअरिंग गरागरा फिरवा, गाडी सरळच जाणार. आहे कुठे ती?"

"घाटात."

"कोण चालवतंय?"

"तुझी भाची."

"आलोच. तुम्ही फोन लावत राहा."

अण्णा फोन लावत राहिले. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला बजावलं होतं. जन्मात बापाचं न ऐकलेली पोरगी आजच आज्ञाधारक निघाली. देवाला साकडं घालावं, तर त्याच्याशी आयुष्यभर जाणंयेणं नाही. एकदम ओळख काढायची कुठल्या तोंडाने?

मेहुण्याच्या गाडीत बसून ते घाटाच्या दिशेने निघाले, तेव्हा कुठे तिचा फोन आला.

"अण्णा, किती फोन? मी ठीक आहे. वळणावर गाडी वळलीच नाही, कठड्याला घासून थांबली. कठडा होता म्हणून... आता हळूहळू उतरवते."

"नको. तिथेच थांब. आम्ही येतोय."

"उगाच घाबरता तुम्ही. रस्ता निसरडा होता, बाकी काही नाही. ब्रेकमध्ये बिघाड असता तर दिवा लागला असता ना? समोर एकही दिवा नाही. निघते मी."

अण्णांनी मेहुण्याकडे पाहिलं. एरवी दुसऱ्याच्या भांडणातही तोंड घालणारा हा माणूस काचेवरचे वायपर बघत होता.

"दिवा लागणार नाही," अण्णा म्हणाले. "मी तो काढून टाकलाय. एबीएससकट."

"का?"

"सारखा लागत होता."

फोनमधून आधी हँडब्रेक ओढल्याची करकर आली, मग इंजिन बंद झालं, आणि नुसता पाऊस ऐकू येत राहिला.