पासकाकांचा चमचा आणि खवट अक्रोड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. पण मला ढवळायला वापरतात असे समजू नका, राग येतो. भाजी परतणारे, पीठ कालवणारे चमचे वेगळे. मी चाखायचा चमचा आहे. भांड्यातून नखभर माल उचलायचा आणि एका ठरावीक जिभेवर नेऊन ठेवायचा, एवढेच माझे काम. परवा आमच्या घरी सुट्टीचा मेळावा झाला, तेव्हा माझी अशी काही धावपळ उडाली की अजून माझ्या दांड्याला मुंग्या येत आहेत. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आत्मवृत्त म्हटले की जन्मापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा आधी जन्म उरकून घेतो.

मी जन्मलो टॉफीच्या कारखान्यात. तिथल्या सुताराने कपाटाचे दार करून उरलेल्या शिसवी तुकड्यातून मला कोरले, तीन दिवस घासघासून गुळगुळीत केले आणि चाखणीच्या टेबलावर ठेवून दिले. धातूच्या चमच्याने चाखले की धातूची चव मध्येच लुडबुड करते, म्हणून लाकूड. त्या टेबलामागे बसणाऱ्या गृहस्थांना सगळा कारखाना पासकाका म्हणे. मी प्रत्येक घाण्याचा नमुना त्यांच्या जिभेवर ठेवायचो. ते डोळे मिटायचे, आणि मग 'पास' किंवा 'नापास'. तिसरा शब्द नाही. एकदा दूध तळाला जरासे लागलेला अख्खा घाणा त्यांनी पाच पावलांवरून, नुसत्या वासावर नापास केला. व्यवस्थापक हमरीतुमरीवर आले. दुसऱ्या दिवशी एक डबा उघडला, तर जळका वास जिन्यापर्यंत गेला! व्यवस्थापक स्वतः येऊन माफी मागून गेले. त्या दिवशी मला कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसले होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

अठ्ठावीस वर्षांनी काका निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना घड्याळ देऊ केले. ते म्हणाले, "घड्याळ राहू द्या, चमचा द्या." असा मी तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आलो. काकांनी लग्न केले नव्हते; ते धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या यांच्यासोबत राहत. घरात माझे दिवस काही फार सुखाचे गेले नाहीत, खरे सांगतो. खणात मेणबत्त्या आणि बाटली उघडायची चावी यांच्या गर्दीत पडून राहावे लागे. एकदा तर कुणीतरी मला रात्रभर पाण्यात भिजत टाकले, तेव्हापासून माझ्या दांड्याला एक बारीक चीर आहे. पण वर्षाचा एक दिवस माझा. सुट्ट्यांमध्ये सगळे नातेवाईक जमत, आणि त्या दिवशी आमच्याकडे बुडवण होई.

बुडवण हे नाव काकांचेच. सफरचंदाची फोड किंवा बिस्किट त्यात बुडवून खायचे, म्हणून बुडवण. करायला सोपे, पंधरा मिनिटांचे काम. अक्रोड आणि काजू मंद आचेवर भाजायचे, गार करून मिक्सरमध्ये फिरवायचे, तेल सुटले की गरम पाण्यात भिजवलेले खजूर, थोडी साय आणि चिमटीभर मीठ घालायचे. झाले! पण घरात काकांनी कारखान्याचा एक नियम लावून दिला होता. करणाऱ्याने चाखायचे नाही. "करणाऱ्याची जीभ करणाऱ्याचीच बाजू घेते," असे ते म्हणत. पहिला घास माझ्यावरून काकांच्या जिभेवर जायचा. त्यांनी 'पास' म्हटले की टाळ्या वाजत आणि वाडगा पाव तासात चाटूनपुसून स्वच्छ होई.

आता कान इकडे करा, कारण तेव्हा घरात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगतो आहे. मेळाव्याच्या दोन महिने आधी काकांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. काका एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले. परत येतील, नाहीतर नाहीही येणार, असे डॉक्टर म्हणाले. दुपारी स्वयंपाकघरात कुणी नसताना त्यांनी मला मधात बुडवून जिभेवर ठेवले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग मला धुताना म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं." जणू मला बोलता येते! ज्या माणसाला सगळे त्याच्या जिभेमुळे ओळखतात, त्याची जीभ गेली तर त्याला काय म्हणून ओळखायचे, हीच भीती त्यांना खात होती.

पण काका हार मानणारे नव्हेत. ते आधी दुसऱ्यांना विचारत, "तुम्हाला कसं वाटतंय?" समोरचा म्हणाला खारट, की काकाही म्हणत, "मी तेच म्हणणार होतो." दोन महिने असे निभावून नेले.

मेळाव्याचा दिवस उजाडला आणि घर नुसते उसळू लागले. दिवाणखान्यात सतरंज्या पडल्या, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या, दाराची घंटा थांबेना. यंदा बुडवण करायचा मान पुतण्याच्या बायकोला मिळाला होता. ती लग्न होऊन आल्यावरचा हा पहिलाच मेळावा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बोलते कमी, बघते जास्त. त्यातून साडेपाचला आत्या येणार होती. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, सहा वर्षांनी येत होती, आणि फोनवर तिने बजावले होते, "बाकी काही नको, बुडवण ठेवा." आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आवडले नाही, तर भर पंगतीत सांगून मोकळी होणार.

सुनेने नवे पाकीट हातात घेतले, तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी, म्हणजे काकांच्या भावजयीने, शेगडीवरच्या फळीकडे बोट दाखवले. "अगं, बरणीत मागच्या वर्षीचे अक्रोड आहेत. आधी जुनं संपव, मग नवं फोड." आमच्या घरचा हा दुसरा नियम. वर्षभर शेगडीची धग खाल्लेले ते अक्रोड! मिक्सर फिरला तशी सून किंचित थबकली, नाक जवळ नेले. पण पहिलेच वर्ष, आणि चाखायचे तर नाही. तिने मला भरून काकांपुढे धरले.

माझ्यावर तो गोळा आला आणि मला कळून चुकले. खवट! खवट तेल लाकडात मुरते, मला नाही कळणार तर कुणाला? मी ओरडलो असतो, पण चमच्याला तोंड नसते. काकांनी डोळे मिटले. आधी विचारायला आज कुणी नव्हते; सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"पास!" काका म्हणाले.

टाळ्या वाजल्या. वाडगा बाहेर गेला. मी ओट्यावरून उघड्या दारातून बघत होतो. पहिल्याने फोड बुडवली, खाल्ली, एक घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "वा! यंदा जरा वेगळं झालंय." दुसरी म्हणाली, "खमंग!" तिसरा म्हणाला, "काकांनी पास केलंय म्हणजे प्रश्नच नाही." सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली आणि दुसरी कुणीही घेतली नाही. एका भाचीने तर उरलेली अर्धी फोड गुपचूप कुंडीत पुरली. ज्याला त्याला वाटत होते, आपलीच जीभ बिघडली असेल, काकांची कशी बिघडेल?

अर्ध्या तासाने काका वाडग्यापाशी आले. तो जवळजवळ भरलेला होता. माणसे खोटे बोलतील, वाडगा खोटे बोलत नाही. त्यांनी तो उचलला, स्वयंपाकघरात आणला आणि दार लोटून घेतले. आत सून एकटीच कप विसळत होती.

"खवट आहे का गं?" त्यांनी हळूच विचारले.

"हो काका. तुम्ही पास म्हटल्यावर बाहेर जाऊन मी बुडवून बघितलं."

"मला जरा शंका आली होती, पण म्हटलं तुझं पहिलंच वर्ष..."

सुनेने कप खाली ठेवला. "काका, आमच्या दुकानात रोज एक तरी माणूस तक्ता पाठ करून येतो. दिसत नाही म्हणायची लाज वाटते. अक्षरं बरोबर सांगतो, पण त्याचे डोळे तक्त्यावर नसतात, माझ्या तोंडाकडे असतात. महिनाभर मी बघतेय, जेवताना तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघताय."

काका स्टुलावर बसले. त्यांनी मला ओट्यावरून उचलले आणि माझा दांडा चोळला. "दोन महिने झाले," ते म्हणाले. "वासही नाही. माती खाल्ली काय आणि साखर खाल्ली काय." त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात बाहेरून पुतण्या ओरडला, "आत्या स्टेशनवर उतरली! वीस मिनिटांत पोचतेय!"

मित्रांनो, त्या वीस मिनिटांसाठीच मी ही सगळी कथा सांगत आलो! सुनेने खटकन नवे पाकीट फोडले. काकांनी पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि कढई चढवली. "मंद ठेव, मंद! रंग बघ, बिस्किटासारखा झाला की उतरव." सासूबाई दार ढकलून आत आल्या, बरणी बघितली आणि समजायचे ते समजल्या. "माझीच अक्कल गेली होती चरायला," असे म्हणून त्यांनी ताटात पसरलेल्या अक्रोडांना पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली. खजुरावर उकळते पाणी पडले. मिक्सर सुरू झाला. काका त्याच्याकडे कान लावून उभे. "थांबव. कडा खरवड. परत फिरव... आता आवाज जड झाला, तेल सुटलं. घाल खजूर!" जीभ गेली होती, पण अठ्ठावीस वर्षांचे कान आणि डोळे कुठे गेले होते? साय पडली, मीठ पडले. काकांनी मला भांड्यात बुडवून आडवे धरले. माझ्यावरून गोळा तीन मोजेपर्यंत ओघळता कामा नये. एक, दोन, तीन... नाही ओघळला!

सवयीने मी त्यांच्या तोंडाकडे निघालो होतो. वाटेत थांबलो. त्यांनी मला सुनेच्या हातात दिले.

"करणाऱ्यानं चाखायचं नाही ना?" ती म्हणाली.

"नियम मी केला, मीच मोडतो. चाख."

एवढ्या वर्षांत मी दुसऱ्या कुणाच्या जिभेवर गेलो नव्हतो. मला धाकधूक वाटत होती. तिने डोळे मिटले, काकांसारखेच. "मीठ कणभर कमी आहे," ती म्हणाली. कणभर मीठ पडले. खाली रिक्षा थांबली.

आत्या जिना चढून आली ती थेट वाडग्यापाशी. फोड बुडवली, खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळे श्वास रोखून बघत होते. "शाबास रे!" ती काकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. "केस गेले, दात गेले, पण जीभ शाबूत आहे हो माझ्या भावाची!"

सगळे हसले. काकाही हसले असते, तर विषय तिथेच संपला असता. सून खाली बघत उभी होती. ती जन्मात कुणाला सांगणार नव्हती, एवढे मला माहीत होते. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि खुर्चीतून उठले.

"ताई, ही जीभ माझी नाही. हिची आहे. आधीचा वाडगा मी पास केला होता आणि तो खवट होता, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला दोन महिने कशाचीच चव लागत नाही."

मी ओट्यावर कासावीस झालो. आता लोक हळहळणार, "अरेरे" म्हणणार, आणि काका त्या "अरेरे"खाली दबून जाणार, असेच मला वाटले. पण आत्याने कपाळाला हात लावला आणि चांगली तोफ डागली. "दोन महिने गप्प बसलास? गाढवा! एकटाच जेवत होतास म्हणजे!" मग तिने एक फोड भरपूर बुडवून त्यांच्या हातात कोंबली. "खा."

"काय उपयोग, ताई?"

"तू खा. ही सांगेल." आत्याने सुनेला ओढून त्यांच्या शेजारी बसवले.

काकांनी फोड तोंडात घातली. सून जरा अडखळली, मग सांगू लागली. "आधी सफरचंद येतं, काका. गार, थोडं आंबट. मग लगेच काजू, मऊ, दुधासारखा. खजूर मागून येतो, हळूच..."

"हळूच कुठं? खजूर आधी येतो!" भाची म्हणाली.

"साय आधी!" पुतण्या म्हणाला. आणि बघता बघता सगळे काकांभोवती गोळा होऊन तावातावाने भांडू लागले, कोणती चव आधी आणि कोणती नंतर. काका चावत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही त्यांना सुचत नव्हते. "अक्रोड राहिला," ते म्हणाले. "अक्रोडाचं सांगा ना कुणीतरी."

तेव्हापासून माझी जागा ओट्यावरच्या पेल्यात आहे. चाखते सून. मग ती काकांच्या शेजारी बसून त्यांना सांगते. काल तिने त्यांना संत्रे सांगितले. त्यांना चव परत आलेली नाही, येईल की नाही कुणालाच माहीत नाही, पण ते पोटभर जेवू लागले आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडी चमच्यांना भिजत टाकू नका, अधूनमधून दांड्याला तेलाचे बोट लावा, एवढी माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी एक आहे. तुमच्या घरात कुणी ताटाकडे बघत मुकाट जेवत असेल, आणि विचारल्यावर नुसते "छान आहे" म्हणत असेल, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, आणि तुम्हाला काय लागते आहे, ते त्यांना सांगा.