शिंगाच्या मुठीचा चाकू

आमच्या घरात चाकू या हातातून त्या हातात देत नाहीत. ज्याला द्यायचा त्याच्यासमोर जमिनीवर ठेवायचा आणि घेणाऱ्यानं वाकून उचलायचा. तसं केलं नाही तर दोघांत भांडण लागतं, असं माझा बा म्हणायचा. भांडणाचं मला माहीत नाही. पण शाळेत मुलांना चाकू धरायला शिकवू लागलो, तेव्हा कळलं की वाकून उचलणारं मूल घाई करत नाही.

आम्ही मूळचे कवठे महांकाळच्या बाजूचे, मेंढरं राखणारे. मास्तरकी लागली म्हणून मी कोरेगावला आलो आणि तिथलाच झालो. बाचा चाकू माझ्याबरोबर आला. रेड्याच्या शिंगाची मूठ, मिटवून खिशात ठेवायचा. बानं तो खरसुंडीच्या जत्रेत घेतला होता. मेंढरांची वाढलेली खुरं त्यानंच छाटायची, पायातला बाभळीचा काटा त्याच्याच टोकानं काढायचा, जन्मलेल्या कोकराची नाळ त्यानंच कापायची. मग पातं विस्तवावर धरून, पुसून, संध्याकाळी कांदाही त्यानंच चिरायचा.

माझ्या खिशात आल्यावर चाकू शाळेत जाऊ लागला. तिथं त्यानं बोरू कापले, पेन्सिली तासल्या. ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या तर किती केल्या असतील! आधी मी करून दाखवायचो, मग मुलं करायची. पातं अंगापासून लांब, अंगठा धारेच्या मागं, आणि कुणी हाक मारली तर आधी चाकू मिटायचा, मग वर बघायचं. आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला माणूस थांबवतो आणि म्हणतो, "गुरुजी, अजून आधी मिटतो, मगच वर बघतो."

त्या नादात मला चाकू जमवायची खोड लागली. फौजेतून सुटीवर आलेल्या एका विद्यार्थ्यानं डबा फोडायच्या आकड्याचा चाकू आणून दिला. पाचगणीच्या बाजारात एक मिळाला, त्यात इवलीशी कात्री होती. ती काहीच कापत नाही, पण दिसते सुंदर. असे सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. रोज खिशात मात्र बाचाच.

या श्रावणात माझे हात थरथरायला लागले. पेरू कापताना चाकू बोटावर मिटला आणि सदरा रक्तानं भरला. मुलगा तानाजी नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, घर सून बघते. मंगल तिचं नाव. तिनं पट्टी बांधली, माझा चाकू धुतला आणि डब्यात टाकून डबा कपाटाच्या वर ठेवला.

"मामा, आता पुरे," ती म्हणाली. "खंडेनवमीला पूजेपुरता काढू. पूजा झाली की परत वर."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण माझी नात प्रांजल पाचवीत आहे. पांगाऱ्याच्या लाकडाचा एक खोटा चाकू मी तिला कोरून दिला होता. त्याच्यावर ती सगळे नियम शिकली होती. आता खरा तिच्या हातात जावा, आणि माझे हात दाखवण्यापुरते चालतात तोवर तिनं तो माझ्यासमोर वापरावा, एवढंच मला हवं होतं. चाकू एकदा कपाटावर कायमचा गेला की तो वस्तूच होणार, दाखवायची.

मी मंगलला विचारून पाहिलं.

"पोरीच्या हातात चाकू? मामा, तुमच्या हातातला आत्ताच काढलाय मी."

"म्हणूनच म्हणतो."

"तिला शार्पनर हाय की."

"पेरूला शार्पनर चालतं का गं?"

"पेरू मी कापून देते," ती म्हणाली आणि विषय संपला.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी माझ्या थोरल्या बहिणीकडे, धोंडुबाईआक्काकडे जातो. तिची वस्ती कवठे महांकाळच्या पुढं, द्राक्षबागांच्या मध्ये. आता तिच्याकडे मोजकीच मेंढरं उरली आहेत, पण पूजा ती जुन्या रीतीनं करते. घरातलं एकूण एक पातं पुजायचं. विळे, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. भाजी सकाळीच चिरून ठेवलेली असते. हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. लोखंडाला एक दिवस विश्रांती.

माझा डबाही तिथं रिकामा झाला. आक्कानं बाचा चाकू स्वतः पुसून मधोमध ठेवला.

"याची मूठ अजून तशीच हाय रं, हरिबा," ती म्हणाली. "ल्हान हुते तवा मी लय मागितला हुता हा. बा म्हनला, पोरीच्या जातीला काय करायचाय!"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू काय देनार हुतास व्हय?"

मंगल हसली.

जेवणं आटोपली होती. अंगणात आक्का पान जुळवत होती, मंगल भांडी घासत होती. एवढ्यात कुंपणाकडून मेंढी ओरडायला लागली. प्रांजल पळत गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा, कोकरू!"

शेजारच्या बागेवर पाखरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी जुनी झाली म्हणून कुणीतरी कुंपणाशी गुंडाळून टाकली होती. कोकरानं त्यात मान घातली होती. सुटायला उड्या मारेल तसा दोरा गळ्यात रुतत होता. जीभ बाहेर आलेली.

मंगलनं त्याला मांडीत धरलं आणि दोरा तोडायला दात लावले.

"नायलॉन दातानं तुटतंय व्हय गं!" आक्का धापा टाकत आली. "इळा आना कुनीतरी!"

आणि मग तिच्या आणि आमच्याही ध्यानात आलं. विळा पूजेत होता. कातर पूजेत, विळी पूजेत, सगळे चाकू पूजेत. घरात एकही पातं बाहेर नव्हतं.

"काडी पेटवू का?" मंगल म्हणाली.

"वितळून कातड्याला चिकटेल," मी म्हणालो. मी आक्काकडे बघितलं. पूजा तिची होती. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिनं ही रीत मोडली नव्हती.

ती वळली आणि घरात गेली. आम्हाला दारातून दिसत होती. पूजेपुढं तिनं कपाळ टेकलं, काहीतरी पुटपुटली आणि बाचा चाकू उचलून आली. मुठीवर कुंकू, पात्याच्या खाचेत झेंडूची पाकळी.

मी हात पुढं केला. हात थरथरत होता. आक्कानं तो बघितला, कोकराचा गळा बघितला. मग ती खाली बसली आणि चाकू प्रांजलच्या पावलांपुढं मातीत ठेवला.

"उचल, बाय."

प्रांजलनं आधी आईकडे बघितलं. मंगलच्या मांडीत कोकराचं पाय झाडणं थांबत चाललं होतं. मंगल म्हणाली, "उचल की गं! बघतीस काय?"

प्रांजल वाकली. चाकू उघडला. मी तिच्याशेजारी बसलो.

"बोट कुठं?" मी विचारलं. वर्गात विचारायचो तसंच.

"दोऱ्याच्या खाली. गळ्यावर."

"धार कुणीकडे?"

"वर. आभाळाकडे."

"कोकराकडे बघू नकोस. दोऱ्याकडे बघ."

तिनं डाव्या हाताचं बोट लोकरीत खुपसून दोऱ्याखाली सरकवलं, त्याच्या शेजारून पातं आत घातलं आणि वर ओढलं. एक दोरा तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याला पातं अडलं, तेव्हा तिनं जोर लावला नाही. मागं घेऊन पुन्हा घातलं. जाळी सुटली. कोकरू खोकलं, मंगलच्या साडीवर त्यानं लेंड्या टाकल्या आणि ते लटपटत मेंढीकडे गेलं.

"प्रांजल!" आक्कानं मोठ्यानं हाक मारली. भीती गेल्यावर माणूस ओरडतं, तशी.

प्रांजलनं वर बघितलं नाही. आधी चाकू पुसला, तळव्यानं मिटला. मग म्हणाली, "काय?"

आक्का माझ्याकडे बघून हसली. मंगलही सगळं बघत होती. ती साडी झटकत उठली.

प्रांजल चाकू परत पूजेत ठेवायला निघाली, तेव्हा आक्का म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे. मोडलंय ते मोडलं, मी बघते देवाचं. तू उचललास, तुजाच हाय तो."

संध्याकाळपर्यंत मी वाट बघत होतो, मंगल चाकू परत डब्यात टाकायला सांगेल म्हणून. रात्रीही तिनं तो मागितला नाही. झोपायच्या आधी एवढंच म्हणाली, "प्रांजल, शाळेत न्यायचा न्हाई. सांगून ठेवते."

दसऱ्याला सोनं देऊन घेऊन आम्ही दुपारच्या गाडीनं निघालो. सांगली सोडल्यावर मी पिशवीतून पेरू काढला आणि सवयीनं खिशात हात घातला. खिसा हलका होता.

"आबा, काय पाहिजे?"

"चाकू दे बरं जरा."

तिनं फ्रॉकच्या खिशातून मिटलेला चाकू काढला आणि आमच्या दोघांच्या मधे, बाकावर ठेवला. मी उचलला. पातं अंगठ्यानं उघडू लागलो. खाचेत नख बसेना. गाडी हलत होती म्हणावं, तर ती रस्त्याच्या कडेला माणसं घ्यायला थांबली होती.

मंगल खिडकीजवळ होती. ती बाहेर बघत राहिली.

मी चाकू परत बाकावर ठेवला, प्रांजलच्या बाजूला, आणि शेजारी पेरू.

"तूच काप," मी म्हणालो. "गाडी हलायच्या आत."

तिनं चाकू उचलला. पेरूच्या फोडी झाल्या, जाड-बारीक. पहिली तिनं आईला दिली. मंगलनं ती घेतली आणि म्हणाली, "मीठ असतं तर बरं झालं असतं."