फोन ठेवू नका

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड आणि तबकडीचा. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला फक्त चित्रातच पाहिले असेल. तबकडीच्या भोकात बोट घालून ती फिरवायची असते, हे ऐकले की आजची मुले हसतात. हसोत बापडी. माझ्या काळी माझी घंटा वाजली की घरातली माणसे हातातले काम टाकून धावत येत.

कारखान्यात माझी घंटा बसवणारा कारागीर म्हणाला होता, "आवाज कसा खणखणीत आहे!" तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असे. माझी पहिली नोकरी मोठ्या रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत होती. कोणी बाळ झाल्याचे कळवी, कोणी रक्त मागे, कोणी नुसतेच रडे. मी सगळे जिथल्या तिथे पोचवत असे. पुढे बटणांचे सडपातळ फोन आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मला रुग्णालयातच कळली.

अडगळीतून मला बाहेर काढले ते वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी. अडखळत बोलणाऱ्या माणसांना त्या तपासतात आणि बोलण्याचा सराव देतात.

"हे धूड कशाला हवंय, बाई?" शिपायाने विचारले.

"माझ्याकडे येणारी माणसं ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात, ते मला खोलीतच हवं," बाई म्हणाल्या.

मला घाबरतात? मला फार वाईट वाटले. पण ते खरेच होते. बाई आधी गप्पा मारत, मग उतारा वाचायला देत. शब्द कुठे अडतो, डोळे कधी मिटतात, कोणता शब्द टाळून माणूस दुसराच बोलतो, हे सगळे त्या शांतपणे पाहत. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आता एक फोन करू या." असे म्हटले की चांगल्या धडधाकट माणसांची पाचावर धारण बसे.

गेल्या महिन्यात एक रंगारी आला. घरे रंगवणारा, रुंद खांद्यांचा, नखांत अजून पांढरा रंग अडकलेला. बरोबर त्याची मोठी बहीण होती आणि चाकांच्या खुर्चीत आई. आईचे डावे अंग लुळे पडले होते. खोली लहान, म्हणून आई दाराबाहेर बसली. दार उघडेच ठेवले.

बाई विचारत रंगाऱ्याला आणि उत्तर देई बहीण. नाव तिनेच सांगितले, वयही तिनेच.

"ताई, तुमचं बोलणं अगदी झकास आहे, तुम्हाला तपासायला नको," बाई हसून म्हणाल्या. "आता त्यांना बोलू द्या."

उतारा त्याने बराचसा नीट वाचला. आठवड्याचे वार तर धडाधड म्हणून दाखवले.

"बघा! मनात आणलं की येतं त्याला," बहीण म्हणाली.

रंगाऱ्याने मान खाली घातली. हे वाक्य त्याने जन्मभर ऐकले असावे.

"मनात आणण्यावर नसतं ते, ताई. पाठ असलेलं पुष्कळांना असं सहज येतं," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "सगळ्यात अवघड कधी गेलं तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे पाहिले.

"आई स्वयंपाकघरात प-पडली," तो म्हणाला. "मी अँब्युलन्सला फोन लावला. प... प..." तिथेच तो थांबला. बहिणीचे ओठ हलले, पण बाईंनी हात वर केला. कोणी शब्द पुरवला नाही. "पत्ता. पत्ताच निघेना. पलीकडचा म्हणाला, फाजीलपणा बंद करा, आणि ठेवला. मी परत लावला. त्याने प-परत ठेवला. आई जमिनीवरून माझ्याकडे बघत होती. तोंड वाकडं झालं होतं तिचं. तरी मला म्हणाली, होऊ दे तुझं. मला घाई नाही."

लहानपणापासून ती त्याला असेच म्हणत आली होती. शेवटी त्याने धावत जाऊन शेजाऱ्याचे दार बडवले आणि शेजाऱ्याने फोन केला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. तसा पक्षाघाताचा झटका पुन्हा केव्हाही येऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बहीण लांब राहते. घरात तो आणि आई दोघेच असतात.

"मला बाकी क-काही नको, बाई. चारचौघांत बोलता नाही आलं तरी चालेल. फक्त पत्ता सांगता आला पाहिजे."

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "वेळ लागेल. महिने लागतील," त्या म्हणाल्या. "तोवर एक करा. पलीकडच्याने फोन उचलला की आधीच सांगून टाका, मी अडखळतो, फोन ठेवू नका."

"म्हणजे ज-जगभर दवंडी पिटू?"

"पिट की!" बहीण उसळली. "लाज मोठी का आई मोठी?" बाईंनी तिच्याकडे नुसते पाहिले.

सराव म्हणून त्याने रंगाच्या दुकानाला फोन लावायचा, असे ठरले. दुकान किती वाजता बंद होते, एवढेच विचारायचे. त्याने तबकडी फिरवली.

"हॅलो?" दुकानदार म्हणाला.

"म्... म्..."

'मी'सुद्धा निघेना. त्याच्या मानेची शीर फुगली, डोळे मिटले, पाय जमिनीवर आपटू लागला. मित्रांनो, मी जिवाचे कान केले होते. शब्द अगदी ओठांवर होता. त्याचा गरम श्वास मला लागत होता. मी ओरडून सांगणार होतो, अहो, थांबा, माणूस आहे इथे! पण मला स्वतःचा आवाज नाही. कोणी बोलले तरच मी पोचवू शकतो.

"हॅलो? कोण आहे? कामधंदे नाहीत का?" खट्.

त्याने पुन्हा लावला. पुन्हा खट्. 'फोन ठेवू नका' एवढे सांगायलासुद्धा पलीकडच्याने आधी थोडे थांबावे लागते. ते थांबणे आणायचे कुठून?

त्याने मला हळूच खाली ठेवले. आपटले असते तर बरे वाटले असते. मग तो बाहेर जाऊन आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, तू आता प-पडू नकोस गं," तो म्हणाला.

आईने चालता हात त्याच्या गालावर ठेवला. आता तिचीही जीभ जड झाली होती. "म... मला..." ती म्हणाली आणि अडली. पुढचे त्याला तोंडपाठ होते, पण त्याने ते पुरे केले नाही. तो वाट पाहत राहिला. खूप वेळाने ती म्हणाली, "घाई... नाही."

बहिणीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. बाईंनी पुढची तारीख दिली. त्या तारखेपर्यंत सगळे ठीक राहील का, हे कोण सांगणार?

मित्रांनो, माझी लाइन आता बंद होणार आहे. जुन्या वस्तू जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात द्या. पण कधीतरी तुमचा फोन वाजेल, तुम्ही उचलाल आणि पलीकडून कोणीच बोलणार नाही. नुसता श्वास ऐकू येईल. कोणी खोडी काढत असेल, तर तुमचा थोडासा वेळच जाईल. पण तो रंगारी असेल तर? तेव्हा फोन ठेवू नका. 'होऊ दे तुमचं, मला घाई नाही,' एवढे म्हणा आणि फोन धरून ठेवा. त्याच्या मागे जमिनीवर त्याची आई पडलेली असेल.