दौंडहून आणलेली जॅकेटं

घाट कमिटीचे अध्यक्ष बबनराव यांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘सोमवारपासून लाइफ जॅकेटशिवाय एकही होडी सुटणार नाही.’ नियम वाईट नव्हता, मी नाही म्हणत नाही. पण वडगाव रासाईच्या आमच्या घाटावर होड्या दोनच. एक माझी, वल्ह्यांची, वडिलांमागे माझ्याकडे आलेली. दुसरी बबनरावांच्या पुतण्याची, सार्थकची, महिन्यापूर्वी इंजिन आणि जॅकेटांसकट आलेली. नियम कुणासाठी लिहिला हे शेंबडं पोरही सांगेल.

“गौतमे, पावतीसकट जॅकेटं दाव,” बबनराव म्हणाले, “तवाच कमिटीचं परवानगीपत्र मिळंल. न्हाईतर होडी काठाला पालथी घाल.”

होडी पालथी घातली असती तर मीही माझ्या होडीतून रोज जाणाऱ्या आठ बायकांसोबत सार्थकच्या होडीत बसून पलीकडं कांदा काढायला गेले असते. वडिलांनी मला वल्हं धरायला शिकवलं ते याच्यासाठी नव्हे.

शनिवारी त्या आठ जणींतल्या ललिताकाकींना सोबत घेऊन नदी ओलांडली आणि दौंड गाठलं. काकींना पोहता येत नाही. बारा वर्षं माझ्या होडीत बसतात, पण फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

स्टेशनजवळ स्वस्त मालाचं एक दुकान आहे. पकडी, पाने, ताडपत्र्या, बादल्या, सगळ्याचे ढीग. एक पकड आणि नायलॉनची दोरी घेतली. मग मागून दुकानदारानं जॅकेटांची दोन पोती ओढत आणली.

“बंद पडलेल्या वॉटर पार्कचा माल हाय,” तो म्हणाला. “डोळं झाकून न्या.”

डोळे झाकून मी मिठाची पुडीही आणत नाही. मी पाण्याचा ड्रम आणि एक वीट मागितली. वडील भोपळे बांधून सांगड, म्हणजे तराफा करायचे, तेव्हा प्रत्येक भोपळा आधी विटेला बांधून हौदात सोडायचे. विटेसकट खाली गेला तो भोपळा भाजीला.

“लोकं जॅकेट अंगाला लावून बघत्यात,” दुकानदार म्हणाला. “तुमी आंघोळ घालताय.”

पहिली तीन जॅकेटं विटेबरोबर तळाला गेली. आत नुसता स्पंज भरलेला. दुकानदारानं मग ड्रम सावलीत ओढून दिला. दुपार टळेपर्यंत दोन्ही पोती उपसली तेव्हा कुठे नऊ जॅकेटं निघाली, आठ बायकांची आणि माझं. काकी प्रत्येक जॅकेट वर येताना वाकून बघत होत्या. पावती मागितली तर तो हसला. भंगारात घेतलेल्या मालाला पावती कुठली.

सोमवारी सकाळी आम्ही नऊ जणी जॅकेटं घालून घाटावर उभ्या राहिलो. बबनरावांनी माझ्या जॅकेटाचा पट्टा दोन बोटांनी उचलून बघितला.

“सेलचा माल. पावती कुठं हाय?”

“न्हाई.”

“मग बाया बुडाल्या तर जबाबदार कोण?”

माझं डोकंच फिरलं. “आप्पा, पावती तरंगती व्हय? सार्थकला म्हणा, त्याचं जॅकेट घालून पाण्यात उतर. मी माझं घालून उतरते.”

सार्थकची जॅकेटं अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. त्यानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. मी साडीसकट उडी मारली. पुण्याहून येणाऱ्या त्या काळ्या पाण्यात, जलपर्णीच्या मधोमध, हातपाय न हलवता पडून राहिले.

“तुला पव्हता येतं,” बबनराव वरून म्हणाले. “तुझं काय सांगतीस?”

बोलणं खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं.

तेवढ्यात ललिताकाकी घाट उतरू लागल्या. एक पायरी, दुसरी, मग गुडघाभर पाणी, मग कंबरभर. ओठ पांढरे पडले होते. मी “काकी, ऱ्हाऊ द्या” म्हणाले, कारण मला खरंच भीती वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. छातीभर पाण्यात गेल्या, डोळे मिटले आणि पाय उचलले.

बुडाल्या नाहीत. दोन हात पसरून, हनुवटी वर धरून, पाण्यावर राहिल्या. मग त्यांनी डोळे उघडले.

“बबनआप्पा,” त्या पाण्यातूनच म्हणाल्या, “मला पव्हता येत न्हाई. तुमाला ठावं हाय. आता सार्थकची जॅकेटं पिशवीतनं काढा आन् तुमीबी या.”

पाणी बबनरावांच्या चपलांना लागत होतं. ते एक पायरी वर सरकले.

उरलेल्या सात जणी न विचारता माझ्या होडीत जाऊन बसल्या. काकींना आम्ही धरून वर घेतलं. त्या पदर पिळत हसत होत्या, आणि मी वल्हं मारता मारता रडत होते.

कमिटीचं परवानगीपत्र मला अजून मिळालेलं नाही. मीही ते मागायला गेले नाही. होडी सकाळी सातला सुटते.