मनगट झाकणारा माणूस

दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय बिसादाला स्वतःचा घास गिळवत नाही, असं त्याची बायकोच सांगायची. अस्यूत शहरातल्या जुन्या चर्चच्या फाटकावर त्याला राखणदार म्हणून बसवलं ते बहुधा याच गुणावर. दिवस घातपाताच्या भीतीचे होते. अनोळखी माणसाने मनगट दाखवल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही, असा नियम होता. तिथल्या ख्रिस्ती घरांत लहानपणीच गोंदवतात तो क्रूस दिसला, की माणूस आपला.

तर या बिसादाला एका माणसाने भंडावून सोडलं होतं. रस्त्यापलीकडे मौजूदची उकडलेल्या घेवड्याची गाडी होती. दर रविवारी हा माणूस पहाटे येऊन त्या गाडीशेजारी उभा राहायचा आणि उपासना संपून लोक बाहेर पडेपर्यंत हलायचा नाही. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा, बाह्यांची बटणं लावलेली.

"साध्या वेशातला पोलीस असेल," बायको म्हणाली.

"पोलीस कुठला! पोलीस असता तर आधी नाश्त्यावर ताव मारला असता, तोही फुकट."

बोलून गेला आणि स्वतःच विचारात पडला. तो माणूस नाश्ता करतो तरी कधी? आठवडाभर या प्रश्नाने त्याचं डोकं पोखरलं.

रविवारी घंटेआधीच त्याने सराबामोनला, आपल्या जोडीदाराला, फाटकावर बसवलं आणि मौजूदची गाडी गाठली. तो माणूस चार पावलं पलीकडे उभा होता.

"काय रे मौजूद, तुझं हे गिऱ्हाईक खात का नाही?"

"मला काय ठाऊक, काका?" मौजूद डाव हलवत पुटपुटला. "माझ्या हंड्याकडे टक लावून बघतो, पण घास नाही. बिचारा घामाघूम होतो म्हणून पाणी दिलं, तर तेही नको. तुमची प्रार्थना सुटली, की मग मात्र दोन थाळ्या हाणतो."

पाणीही नको म्हटल्यावर बिसादा चपापला. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणारा माणूस कोण, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद, म्हणजे प्रभुभोजन, घ्यायला निघालेलाच तसा राहतो. म्हणजे हा आपल्यातलाच. मग दारापर्यंत येऊन आत का येत नाही?

तो सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "कुठले तुम्ही?"

"अबनूबचा. लामई माझं नाव."

"लामईभाऊ, उपाशीपोटी इथे काय ताटकळता? फाटक उघडं आहे की."

"तुमच्यासाठी उघडं आहे. मागे आलो होतो मी. तुम्ही म्हणालात, मनगट दाखव. तसाच मागे फिरलो."

बिसादाला काही केल्या आठवेना. तो तर कितीजणांना तसं म्हणायचा. लामईने बाहीचं बटण काढलं. मनगटावर क्रूस नव्हता, सुरकुतलेला गुलाबी व्रण होता.

"परदेशात कामाला होतो. मुकादमाने विचारलं, तू त्यांच्यातला का? मी म्हटलं, छे, माझा काय संबंध! मग ते खोटं उघडं पडू नये म्हणून तेजाब ओतलं. माझं मीच. आता आत काय तोंड दाखवू?"

"मग उपास कशाला धरता?" बिसादाला राहवेना.

लामईने जमिनीकडे बघत सांगितलं, "वाटतं, एखाद्या रविवारी कुणी हाक मारली तर? पोटात अन्न घेऊन कसं जाणार?"

बिसादाला लाजेने मान वर करवेना. इतके दिवस तो याच्यावर पाळत ठेवून होता, आणि हाक मारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने लामईचं तेच मनगट धरलं आणि रस्ता ओलांडला.

"काका, यांचं मनगट?" सराबामोनने अडवलं.

"मी बघितलंय. सरक बाजूला."

आत अबूना, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, धुपाटणं घेऊन लोकांमधून फिरत होते. त्या धुरात जो तो हळूच आपलं पाप कबूल करायचा आणि अबूना पुढे सरकायचे. लामईपाशी मात्र ते थांबले, ते थांबलेच. लामई बोलत राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. धुपाटण्यातले निखारे राखेने झाकले गेले, तरी अबूनांनी पाऊल उचललं नाही. शेवटी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते काय म्हणाले ते ऐकायला बिसादाने कान टवकारले होते, पण एक शब्द कळला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला न कळल्याचं वाईट वाटलं नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी लामई अनवाणी रांगेत उभा राहिला आणि घेऊन परतला. त्यानंतर प्रसादाचा कणही तोंडात राहू नये म्हणून प्रथेप्रमाणे पाणी प्यायचं असतं. पाण्याचा पेला बिसादाने स्वतः पुढे केला. लामई तोंड घट्ट मिटून उभा होता, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"पी रे बाबा," बिसादा म्हणाला. "सुटला तुझा उपास."