गळ्याशपथ आणि यामाहा

यामाहाला हात लावणार नाही अशी आबाजींनी शपथ घेतली होती. तिच्यात तोंड घालणार नाही अशी काही घेतली नव्हती. त्यामुळे मुलगा प्रवीण अंगणात गाडी खोलून बसला, की हे ओट्यावर हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि तिथून त्यांचा कारभार चाले. ती वायर उलटी आहे, तो बोल्ट एवढा आवळू नको, आटे जातील. प्रवीण साजगावच्या एका कारखान्यात फिटर. दिवसभर मशीनी दुरुस्त करून घरी यायचं आणि बापाकडून पाना धरायला शिकायचं, हे त्याच्या नशिबी आलं होतं. तोही काही कमी नव्हता. मुद्दाम चुकीचा बोल्ट उचलायचा आणि ओट्यावरची तगमग बघत बसायचा.

गाडी जुनी आरएक्स हंड्रेड, आबाजींनी ऐन उमेदीत घेतलेली. त्यांनी तिच्यावरून खोपोलीला दूध घातलं, बियाण्याची पोती आणली, आणि मागे बसून आनंदीबाई कर्जतला माहेरी नाहीतर शिळफाट्याच्या बाजाराला गेल्या. लांबून आवाज आला की गाव ओळखायचं, आबाजी आले.

दहा-बारा वर्षांपूर्वी खालापूरकडून येताना रेतीवरून चाक घसरलं. आबाजींना साधं खरचटलंही नाही, आनंदीबाईंचं मनगट मात्र मोडलं. दवाखान्यात प्लास्टर चढत असताना आबाजी इतके हबकले होते, की बायकोच्या गळ्याला हात लावून त्यांनी सांगून टाकलं, "तुझी गळ्याशपथ, परत त्या गाडीला हात लावणार नाय." गळ्याशपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली तिच्या जिवावर बेततं, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. मनगट जुळलं, दुखायचंही थांबलं. शपथ तशीच राहिली, आणि गाडी गोठ्यात गेली.

गोठ्यात गुरं नव्हती, तरी आबाजी रोज तिकडे चक्कर मारायचे. गाडीसमोर थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. हे प्रवीणने पाहिलं आणि गाडी बाहेर काढली. तयार झालेली गाडी दारात उभी राहिली की आबा शपथ-बिपथ विसरतील, असा त्याचा हिशेब होता.

टाकीतला गंज त्याने चिंचेचं पाणी आणि बारीक खडी घालून, टाकी मांडीवर घुसळून काढला. मुंबईच्या जुन्या बाजारातून दिवे आणि गिअरचा दांडा आणला. आबाजी ओट्यावरून उतरून, हाताऐवजी पायाच्या अंगठ्याने नट दाखवायला लागले. एकदा अंगठा इंजिनाला लागला. पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, ही जन्माची सवय. ते वाकले, हात पुढे गेला आणि वीतभर अंतरावर तसाच थांबला. शेवटी त्यांनी हवेतच नमस्कार केला. प्रवीण गाडीआड तोंड लपवून हसत सुटला.

सगळं जोडून झालं तरी गाडी चालू होईना. आबाजींनी छातीठोकपणे कॉइलला दोष दिला. प्रवीणने कॉइल बदलली, तरी तेच. मग त्याने सायलेन्सरमध्ये तार घातली, तर आत कुंभारमाशीने मातीचं अख्खं घर बांधलेलं. ते खरवडून काढलं आणि किक मारली. निळा धूर अंगणभर पसरला, शेजारची कोंबडी उडाली आणि आबाजींच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की प्रवीणला वाटलं, जमलं आपलं काम.

"आबा, एक चक्कर मारा," तो म्हणाला.

आबाजींचा जीव तुटत होता. हँडल हातभर अंतरावर होतं. "नाय रं," ते म्हणाले. "तुझ्या आयची गळ्याशपथ घेतलेली हाय मी. तिला काय झालं तर?" आणि ते ओट्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसले.

स्वयंपाकघराच्या दारात आनंदीबाई करंज्यांचं पीठ मळता मळता येऊन उभ्या होत्या. दवाखान्यात त्या इंजेक्शनच्या गुंगीत होत्या, शपथेतलं अक्षर त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं; त्यांना ती माहीत असेलच, असं बापलेक धरून चालले होते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, नवऱ्याचं मन गाडीवरून उडालं. आपल्याला मागे बसवायचा त्याला कंटाळा आला, असंही कधीकधी वाटून गेलं होतं. त्या पीठ मळायला आत गेल्या.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्याकडे बैलांच्या अंगावर गेरूचे पंजे उमटवून त्यांना पेटत्या पेंढ्यावरून उडवायची रीत. बैल गेल्यापासून पंजे गोठ्याच्या दारावर उमटत. पाडव्याच्या सकाळी आनंदीबाई गेरूची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हात द्या. आबाजींनी नेहमीसारखा हात दिला. त्यांनी तो वाटीत बुडवला, मनगट गच्च धरलं आणि दाराकडे न नेता सरळ गाडीच्या काळ्याभोर टाकीवर दाबला.

आबाजी टाकीकडे बघेनात, हाताकडे बघेनात, नुसते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. आनंदीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, चांगल्या ठणठणीत.

"लागला हात. मेले का मी?" त्यांनी विचारलं.

"अगं, पण शपथ..."

"गळा माजा ना? मग मला इचारायचं व्हतं. इतकी वर्षं टमटममधी कोंबून फिरवलंत मला."

प्रवीण फडकं घेऊन धावला, कारण टाकीच्या चकाकीसाठी त्याने कितीतरी रविवार घालवले होते. आबाजींनी त्याला अडवलं. पुसू नको म्हणाले. मग त्यांनी हँडल धरलं, दुसरा हात टाकीवरून फिरवला आणि त्यांना रडूच फुटलं. आनंदाने माणूस इतका रडतो हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. आनंदीबाईंनी पदर खोचला आणि त्यांचं रडणं आटपायच्या आत मागे बसून घेतलं. पेंढ्याच्या विस्तवावरून काही गाडी नेली नाही. पेट्रोलचं भांडं, तेवढं शहाणपण घरात होतं.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. कुठे जायचं, आबाजींनी मान वळवून विचारलं.

"कुठंबी न्या," आनंदीबाई म्हणाल्या. "सांजच्याला तेवढं घरी आणा. तुमाला ओवाळायचं हाय."