बरणीतली आसरा

"आली! आली! वर आली!"

खांब गावच्या फाट्यामागच्या मांडवात शेदोनशे माणसं एका अंड्याकडे डोळे लावून बसली होती, आणि ते अंडं काचेच्या बरणीत तळापासून हळूहळू वर येत होतं. मघाशी हेच अंडं पाण्यात मुकाट तळाला बसलं होतं. मग महिपतीबाबांनी समोरच्या पोरीवरून मीठ उतरलं, मुठी भरभरून ते बरणीत टाकलं, कडुलिंबाच्या डहाळीनं पाणी ढवळत लांबलचक मंत्र म्हटला, आणि अंडं उठलं. बायकांनी हात जोडले. बाबा डोळे पांढरे करून घुमू लागले.

ती पोर म्हणजे ऋतुजा, धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या जनू आणि सगुणाची सोळा वर्षांची लेक. पेणच्या कॉलेजात जायला लागल्यापासून तिला वर्गात बसल्या बसल्या काहीतरी व्हायचं. छाती धडधडायची, हातपाय थरथरायचे, आता मरतेच असं वाटायचं. पुढे पुढे ती एसटीत पाय टाकायलाही घाबरू लागली आणि कॉलेज सुटलं.

"खाडीतली आसरा हाय ही, पान्यातली बाधा!" बाबा गरजले. "साधीसुधी नाय, उधानाची! डाक्टरची एक गोळी जरी पोटात गेली तर रगतात शिरंल. मंग माज्याच्यानं पन काय होनार नाय."

"नाय बाबा, डाक्टर नाय," जनूनं कान धरले.

"हात धर गो तिचा," बाबांनी सगुणाला फर्मावलं.

सगुणानं लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि बाबांनी तळव्यावर जळता कापूर ठेवला. ऋतुजा किंचाळली. "आसरा वरडते!" मांडव समाधानानं म्हणाला. मग बाबांनी बरणीतलं पाणी थोडं काढून तांब्याभर तीर्थ ओतलं, अंडं तळाला गेलं, आसरा बसली. बसली ती फक्त पुढल्या मंगळवारपर्यंत. आसरेची हजेरी सरकारी कचेरीपेक्षा नियमित होती. येताना मीठ मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

तळव्याचा फोड चिघळला. आरोग्य केंद्रातल्या नम्रता सिस्टरनं पट्टी बांधता बांधता सगळं काढून घेतलं, सगुणाला फैलावर घेतलं आणि समुपदेशक अक्सा मॅडमचं नाव दिलं. बाई रोह्याच्या. सगुणाला तेच बरं वाटलं. पेणला कुणीतरी बघितलंच असतं, आणि 'जनूची पोर येडी झाली' ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली असती. रोह्यात तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. जनूला तिनं सांगितलं, बाबांकडे जाते. कोलाडवरून रोह्याला जाणारी एसटी खांबला थांबली, पण मायलेकी उतरल्याच नाहीत.

अक्सा मॅडमच्या खोलीत धूर नव्हता, बरणी नव्हती. दोनतीन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. त्यांनी आधी ऋतुजाला विचारलं, "आई आत हवी की बाहेर?"

इतक्या महिन्यांत त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. "बाहेर," ती म्हणाली. सगुणाला ते लागलं, पण ती बाहेर बसली.

नंतर मॅडमनी दोघींना समजावलं. "हे भीतीचे झटके आहेत. जीव जातोय असं वाटतं, पण त्यानं जीव जात नाही. बरं होतं, पण चुटकीसरशी नाही. दर आठवड्याला यायचं. लागलंच तर मनाच्या डॉक्टरांना दाखवून औषधही घेऊ."

तिसऱ्या खेपेला सगुणानं धीर करून विचारलं, "मॅडम, पन ती आसरा? अंडं वर येतं ते?"

मॅडमच्या आधी ऋतुजाच बोलली. "आय, ते मिठानं येतं. खारट पान्यात अंडं तरंगतं, शाळेत केलेलं आमी. तीर्थ म्हंजे गोडं पानी. पानी फिकं झालं का बुडतं."

सगुणा गारच झाली. तिचा जन्म मिठागरात गेला होता. पाणी किती खारावलंय ते ती बोट बुडवून सांगायची. पण तेच मीठ माणसावरून उतरलं की तिच्या लेखी मीठ राहत नसे, दृष्ट होई. अख्ख्या मांडवाचं तेच झालं होतं. उतरलेलं मीठ खारट असतं का, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

"मंग तवाच बोलली का नायस गो?"

"बोलले आसते तर तुमीच म्हनाला आसता, आसरा बोलते."

सगुणाला ज्या हातानं मनगट धरलं तो हात तोडून टाकावासा वाटला. मग वाटलं, तोडायच्या आधी तो महिपतीच्या कामी येऊ दे.

"पोलिसांत तक्रार करा," मॅडम म्हणाल्या. "अशा बाबांसाठी कायदा आहे."

"करीन की. आदी मी भेटून येते."

मंगळवारी सगुणा जनूला घेऊन मांडवात हजर झाली. ऋतुजाही हट्टानं आली आणि मॅडमनी शिकवल्यासारखे लांब श्वास सोडत समोर बसली. सगुणानं पुरचुंडी पुढे केली. बाबांनी न बघताच मूठ भरली, उतरली, बरणीत टाकली, मंत्र म्हटला. अंडं ढिम्म. पुन्हा मूठ, पुन्हा मंत्र. डहाळी फिरली की बरणीत नुसतं खडखड वाजायचं. पुरचुंडीत सगुणानं पांढरी गारगोटी कुटून आणली होती. दिसायला खडेमीठ, पण जन्मात विरघळणार नाही.

"आसरा रुसली वाटतं," सगुणा म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मांडवात कोनतरी नास्तिक हाय!" बाबांना घाम फुटला.

"हाय तर शोदू की."

तिनं कमरेची दुसरी पुरचुंडी सोडली. हे मात्र खरं मीठ. ते तिनं महिपतीबाबांच्याच डोक्यावरून उतरलं, बरणीत ओतलं आणि ढवळत राहिली. मंत्र येत नव्हता म्हणून तिनं मनातल्या मनात शिव्या म्हटल्या. त्याही पुरल्या. अंडं वर आलं.

"अगो बाय, आसरा बाबांना लागली!" सगुणा ओरडली. "आवो, कापूर आना!"

जनू बिचारा भाबडा, कळवळून धावला. "भिऊ नका बाबा, वरडंल ती आसराच वरडंल!" त्यानं पळीत कापूर पेटवला. सगुणानं बाबांचं मनगट धरलं. मिठाच्या पाट्या उचलणारा हात तो, सुटतो कसला!

"सोड! आगो सोड! आसराबिसरा काय नाय! मिठानं येतं ते वर!"

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू नाय आलं."

"मिठानं! खाऱ्या पान्यात अंडं तरंगतं!"

जनूनं बरणीत बोट बुडवून चाखलं. "आरं, मीठच हाय," तो म्हणाला आणि लेकीच्या पट्टीकडे बघून त्यानं हातातली पळी खाली टाकली.

सगुणानं खाली पडलेला जळता कापूर पळीत उचलला. ठेवणारच होती ती.

"आय, नको," ऋतुजा म्हणाली. "माजा हात पोलिसांना दावू."

सगुणानं मनगट सोडलं. खरं सांगायचं तर त्याची हळहळ तिला अजून वाटते. महिपतीबाबा कोठडीत गेले तेव्हा ती जरा कमी झाली, इतकंच.

पोर थरथरते तेव्हा तिच्यावरून मीठ उतरू नका. तिला काय होतंय ते तिलाच विचारा, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे न्या. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी बोट बुडवून चाखा.

पुढच्या आठवड्यात एसटीनं खांब मागे टाकलं. मांडवाचे नुसते बांबू उभे होते. तेवढ्यात ऋतुजाची छाती धडधडू लागली. ती डोळे मिटून लांब श्वास सोडू लागली.

"हात धरू गो?" सगुणानं विचारलं.

"धर," ऋतुजा म्हणाली. "पन हळू."